एकच फोटो, एकच प्रोग्राम, मग वेळ वेगळा का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला सांगितलं, "तू काय काम करतेस ते आम्हाला कळेल असं बोल. आणि इंग्रजी कमी." यातली दुसरी अट पाळणं अवघड आहे, कारण माझ्या धंद्यातले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत. ते मराठीत ओढूनताणून आणले तर तुम्हालाही कळणार नाहीत आणि मलाही. तेव्हा शब्द आहेत तसे वापरते, पण प्रत्येकाचा अर्थ आपल्या हरसूलच्या भाषेत सांगते.

विषय असा निवडला आहे की जो गेल्या काही महिन्यांत आपल्या सगळ्यांसमोर घडला. या स्मरणिकेसाठी आपण जुने फोटो गोळा केले. वर्गाचे, सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, बोहाड्याच्या सोंगांचे. कशाला वाळवी लागलेली, कशाला पावसाची ओल. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीवरचा फोटो पंचवीस-तीस वर्षं टिकवणं सोपं नाही. ते सगळे स्कॅन करून आपल्या दोन मित्रांनी दुरुस्तीसाठी वाटून घेतले. दोघांकडे 'डार्कटेबल' हा मोफत मिळणारा प्रोग्राम, तोही एकाच आवृत्तीचा. लॅपटॉपही साधारण एकाच ताकदीचे. तरी एकाचा गठ्ठा लवकर संपायचा आणि दुसऱ्याचा मागे राहायचा. मग ग्रुपवर निदानं सुरू झाली. "व्हायरस असेल." "लॅपटॉप भंगारात काढ." "त्याला कॉम्प्युटर नीट वापरता येत नाही."

ही चर्चा वाचून आपल्यातल्याच एकाने मला फोन केला. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "अगं, माझंही मशीन असंच रखडतं. दुकानदार म्हणतो नवं घे. लग्नसराईच्या आधी कर्ज काढून घेऊ का?" ग्रुपवरच्या प्रश्नाला उशीर झाला असता तरी चाललं असतं. या प्रश्नाला मात्र विचार करून उत्तर द्यायला हवं होतं, कारण त्यात एका घराचे पैसे होते.

त्या दोन लॅपटॉपमध्ये फरक एकच होता. एकावर लिनक्स होतं, दुसऱ्यावर विंडोज. पण "लिनक्स चांगलं, विंडोज वाईट" एवढं म्हणून थांबलो तर काहीच कळत नाही. खरं कारण त्याच्या आत आहे. त्याचं नाव कंपायलर.

कंपायलर म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम. माझ्यासारखी माणसं सी किंवा सी प्लस प्लस अशा भाषेत सूचना लिहितात. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला ती भाषा कळत नाही. त्याला फक्त स्वतःच्या ठरावीक आज्ञा कळतात. मधलं भाषांतर कंपायलर करतो. आपल्यापैकी कितीतरी जण पहिलीत आले तेव्हा घरी कोकणा बोलत होते, कोणी वारली. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. धडा तोच, पण ज्या गुरुजींना मुलांची बोली येत होती त्यांच्या वर्गात तो लवकर कळायचा. बाकीच्या वर्गात दोनदा सांगावा लागायचा. कंपायलरचंही तसंच आहे. त्याने केलेलं भाषांतर चूक नसतं, पण ते कोणासाठी केलं आहे यावर वेग ठरतो.

आता फोटोचा हिशेब करू. गणिताचे सर समोर बसले आहेत, तेव्हा आकडे जपून सांगते. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. फोटो थोडा उजळ करायचा तर या प्रत्येक आकड्यावर निदान एक गणित. पिवळटपणा काढायचा, डाग पुसायचे, धार आणायची, असे वीस टप्पे धरले आणि प्रत्येक टप्प्याला एकच गणित धरलं, तरी १४४ कोटी गणितं. प्रत्यक्षात एका टप्प्यात अनेक गणितं असतात. म्हणून फोटोचं काम कॉम्प्युटरला जड जातं. पत्र टाइप करताना भाषांतर चांगलं की साधं याचा फरक कळत नाही. फोटोत कळतो.

ही गणितं भरभर उरकायची कशी? इथे आपली आवणी आठवा. भाताची रोपं चिखलात लावताना दोन प्रकारे काम वाढतं. एक, बांधावर माणसं जास्त आणायची आणि ओळ धरायची. दोन, प्रत्येकाचा हात असा बसवायचा की एका वाकण्यात जास्त रोपं लागतील. प्रोसेसरमध्येही हेच दोन मार्ग आहेत. एका प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ कोअर असतात, ती माणसं. आणि प्रत्येक कोअरला एका आज्ञेत अनेक आकड्यांवर गणित करता येतं, तो हात.

हा हात वर्षागणिक मोठा होत गेला आहे. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटचे प्रोसेसर आणले, तेव्हापासून त्या जातीच्या प्रत्येक प्रोसेसरला एका आज्ञेत चार आकडे हाताळता येतात. त्या आज्ञांना एसएसई-टू म्हणतात. २०११ मध्ये इंटेलने एव्हीएक्स नावाच्या आज्ञा आणल्या, त्यात आठ आकडे. २०१३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, एव्हीएक्स-टू. पुढे काही प्रोसेसरमध्ये एका वेळी सोळा आकड्यांच्या आज्ञाही आल्या. आपला ७ कोटी २० लाखांचा हिशेब चाराने भागला तर १ कोटी ८० लाख फेऱ्या होतात. आठाने भागला तर ९० लाख.

आता खरी अडचण. प्रोग्राम बनवणाऱ्याला ठाऊक नसतं की तो कोणाच्या कॉम्प्युटरवर चालणार आहे. जुन्या मशीनला न कळणाऱ्या आज्ञा त्यात घातल्या तर तिथे प्रोग्राम उघडताच बंद पडेल. म्हणून कंपायलरला साधारण सांगितलं जातं की सगळ्यांना कळेल असंच भाषांतर कर. सगळ्यांना कळेल असं म्हणजे २००३ सालच्या प्रोसेसरला कळेल असं. तुमचा लॅपटॉप गेल्या वर्षीचा असला, आठ आकड्यांचा हात असला, तरी प्रोग्राम त्याला चारच रोपं देत राहतो. लॅपटॉप दमलेला नसतो, त्याला पूर्ण काम दिलेलंच नसतं.

यावर जीसीसी या कंपायलरमध्ये एक तोडगा आहे. त्याला सांगता येतं की या एका गणिताची चार-पाच भाषांतरं करून ठेव. एक जुन्यांसाठी, एक एव्हीएक्ससाठी, एक एव्हीएक्स-टूसाठी. प्रोग्राम सुरू होताना समोर कोणता प्रोसेसर आहे ते बघायचं आणि योग्य भाषांतर जोडायचं. याला टार्गेट क्लोन्स म्हणतात. डार्कटेबलच्या कोडमध्ये ही सोय केलेली आहे. पण योग्य भाषांतर निवडून जोडण्याचं काम एकटा कंपायलर करू शकत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची साथ लागते. लिनक्समध्ये प्रोग्राम चढवण्याच्या व्यवस्थेत तशी जागा आहे. विंडोजमधल्या प्रोग्रामच्या फायलींचा साचाच वेगळा, त्यात ती जागा नाही. म्हणून डार्कटेबलच्या कोडमध्येच लिहिलं आहे की विंडोजसाठी बनवत असाल तर ही सोय बंद ठेवा. म्हणजे कोड तोच, कंपायलर तोच, प्रोसेसर सारखाच, आणि तरी एका ठिकाणी नवं भाषांतर मिळतं, दुसऱ्या ठिकाणी जुनंच.

डार्कटेबल २००९ मध्ये सुरू झालं ते लिनक्सवर. विंडोजची अधिकृत आवृत्ती यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. ज्या घरात वस्तू जन्मली, त्या घराच्या दाराच्या मापानेच ती बनते. यात कोणाचा दुष्टपणा नाही.

दुसरं कारण आणखी आतलं आहे. जुना काळवंडलेला फोटो उजळताना नुसता गुणाकार चालत नाही, घातांकाचं गणित लागतं. एखाद्या आकड्याचा २.४ वा घात काढ, असं. हे गणित कंपायलर स्वतः करत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येणाऱ्या गणिताच्या लायब्ररीकडून करून घेतो. लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीत २०१५ पासून अशी गणितं एकदम चार-आठ आकड्यांवर करणारी सोय आहे, आणि जीसीसीला परवानगी दिली तर तो ती आपोआप वापरतो. तोच जीसीसी विंडोजवर नेला की तिथे ती लायब्ररी नाही. मग तो एकेक आकडा पाठवत बसतो. रॉथेरपी नावाचा असाच दुसरा मोफत प्रोग्राम आहे. त्याच्या लोकांनी यावर सरळ उपाय केला. चार आकड्यांवर एकदम चालणारी घातांकाची आणि लॉगरिदमची गणितं त्यांनी प्रोग्रामच्या पोटातच ठेवली. डबा घरून नेला की खानावळ कशी आहे याची चिंता नको.

तिसरं कारण म्हणजे कंपायलर वेगवेगळे आहेत आणि त्यांचे स्वभावही. लिनक्सवर बहुधा जीसीसी. ॲपलच्या मॅकवर क्लँग. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस, किंवा तिथे नेलेला जीसीसी. साधं लूप बघून "हे चार-चार करून करता येईल" असं ओळखण्याचं काम कंपायलर आपण होऊन करू शकतो. पण जीसीसीची जी नेहमीची पातळी लोक वापरतात, तिच्यात हे काम २०२२ च्या बाराव्या आवृत्तीपर्यंत आपोआप होत नव्हतं. मुद्दाम सांगावं लागायचं. क्लँगमध्ये ते त्याच्या बरीच वर्षं आधीपासून होत होतं. माणसं वाढवण्याचं, म्हणजे सगळ्या कोअरना कामाला लावण्याचंही तसंच. त्यासाठी ओपनएमपी नावाची पद्धत आहे. जीसीसीत ती तयार मिळते. ॲपल आपल्या क्लँगबरोबर ती देत नाही, बाहेरून आणून जोडावी लागते. कोणी मॅकवर घाईघाईत प्रोग्राम बनवला आणि हे जोडायचं राहिलं, तर प्रोग्राम चालतो, पण आठ माणसांच्या शेतात एकच माणूस राबत असतो.

मग वेग एवढा हवा आहे तर कंपायलरला सगळी मोकळीक का देत नाही? इथे जरा सावध व्हायला हवं. कागदावर तीन आकड्यांची बेरीज कशीही केली तरी उत्तर तेच येतं. कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडे ठरावीक घरांपर्यंतच मावतात, त्यामुळे क्रम बदलला की शेवटचं घर बदलू शकतं. म्हणून प्रामाणिक कंपायलर लिहिलेला क्रम मोडत नाही. त्याला "फास्ट मॅथ" नावाची सूट देता येते. मग तो क्रम हवा तसा बदलतो आणि काम भराभर होतं. पण या सुटीबरोबर तो आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, की शून्याला शून्याने भागण्यासारखा अर्थहीन आकडा कधी येणारच नाही. जुन्या फोटोत पूर्ण काळे कोपरे असतात, तिथे असा आकडा येऊ शकतो. प्रोग्रामरने त्यासाठी लावलेली तपासणी कंपायलर "गरज नाही" म्हणून काढून टाकतो, आणि फोटोत काळे ठिपके किंवा चौकोन उमटतात. आपल्या वर्गाच्या फोटोतला मागच्या रांगेतला एखादा चेहरा आधीच तांदळाच्या दाण्याएवढा आहे. तोच जर काळ्या चौकोनात गेला, तर वाचवलेल्या दोन मिनिटांचं काय करायचं? वेग आणि खरेपणा यांत कुठे थांबायचं हे शेवटी माणसाने ठरवायचं असतं. कंपायलर फक्त सांगितलेलं ऐकतो.

हे फक्त मोफत प्रोग्रामचं दुखणं नाही. फोटोशॉप सगळ्यांना माहीत आहे. १९९० मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचा कोड २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांसाठी खुला केला. सुमारे १ लाख २८ हजार ओळी. त्यातल्या तीन चतुर्थांश पास्कल भाषेत, आणि बऱ्याचशा उरलेल्या थेट प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये हाताने लिहिलेल्या. म्हणजे जिथे वेग हवा तिथे त्यांनी त्या काळच्या कंपायलरवर भरवसा ठेवला नव्हता. पुढे २००६ मध्ये ॲपलने मॅकसाठी इंटेलचे प्रोसेसर घेतले. अडोबी तोवर वापरत असलेला कंपायलर नव्या मॅकसाठी भाषांतर करत नव्हता. सगळा कोड दुसऱ्या कंपायलरवर न्यावा लागला आणि त्यात २००७ उजाडलं. तोवर नव्या महागड्या मॅकवर फोटोशॉप दुभाष्यामार्फत, रखडत चालायचं. २०२० मध्ये ॲपलने स्वतःचा एम-वन प्रोसेसर आणला तेव्हा पुन्हा तेच झालं. २०२१ च्या मार्चमध्ये त्यासाठी खास भाषांतरित केलेलं फोटोशॉप आलं आणि अडोबीने सांगितलं की आधीच्या तशाच मॅकच्या तुलनेत ते सरासरी दीडपट वेगाने चालतं.

एक गोष्ट मात्र दुष्टपणाच्या जवळ जाणारी घडली. इंटेलचा स्वतःचा एक कंपायलर होता, फार चांगला. त्याने बनवलेले प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर इंटेलचाच आहे का ते बघायचे. दुसऱ्या कंपनीचा असला तर त्याला त्या वेगवान आज्ञा येत असूनही संथ भाषांतर द्यायचे. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर झालेल्या तडजोडीत इंटेलला हे ग्राहकांना उघड सांगणं भाग पडलं. वर्गात मूल कोणत्या पाड्यावरून आलं ते बघून त्याला सोपं पुस्तक देण्यासारखं आहे हे. त्याला काय येतं ते विचारलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि इथे बसलेल्या मुलांसाठी तो मुद्दाम सांगते. १९७० च्या दशकात झुरिचमध्ये निक्लाउस विर्थ यांच्या गटात पास्कलचा एक कंपायलर तयार झाला, जो एका मधल्या भाषेत भाषांतर करायचा. त्यामुळे पास्कल कोणत्याही मशीनवर सहज नेता आली. ज्यांनी तो लिहिला त्यांत केशव नोरी हे भारतीय होते. पुढे त्यांनी पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात काम केलं. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक धनंजय धामधेरे यांनी, एकदा काढलेलं उत्तर पुन्हा काढत बसू नये हे कंपायलरला कसं ओळखता येईल, यावर काम केलं. त्यांचा त्यावरचा एक महत्त्वाचा लेख १९९१ चा आहे. फोटोत २ कोटी ४० लाख वेळा तेच गणित करण्याऐवजी ते एकदाच करून ठेवायचं, हे त्याच विचाराचं फळ. तिथेच प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसीवर केंद्र चालवलं आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना त्याचं पोट उघडून शिकवलं. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं या विषयावरचं २००९ चं पुस्तक आहे. आणि ॲपलचं क्लँग ज्या एलएलव्हीएमवर उभं आहे, ते २००० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलं. अडवे पवईच्याच आयआयटीचे विद्यार्थी. म्हणजे नाशिकहून रेल्वेने अर्ध्या दिवसात पोचता येईल अशा ठिकाणी हे ज्ञान आहे. आमच्या वेळी शाळेत कॉम्प्युटर नव्हता, तुमच्याकडे आहे. जीसीसीचा प्रत्येक अक्षर कोड फुकट वाचायला मिळतो.

आता स्टुडिओवाल्या मित्राच्या प्रश्नाकडे येते. मी त्याला सांगितलं, कर्ज काढायच्या आधी चार गोष्टी बघ. तुम्हा सगळ्यांना त्या उपयोगी पडतील म्हणून इथेही सांगते.

पहिली, मेमरी आणि डिस्क. रॅम कमी असेल किंवा जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर कंपायलर कितीही हुशार असून उपयोग नाही. रॅम वाढवणं आणि एसएसडी बसवणं नव्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

दुसरी, डार्कटेबलच्या सेटिंगमध्ये ओपनसीएल सुरू आहे का ते बघ. यात फोटोची बरीच गणितं ग्राफिक्स कार्डकडे जातात. आणि यातली गंमत म्हणजे त्या गणितांचं भाषांतर प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होताना तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कार्डासाठी होतं. म्हणून पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. घाबरून बंद करू नका. हे नीट चाललं तर विंडोज आणि लिनक्समधला मी सांगितलेला फरक बराच कमी होतो. कार्ड अगदी जुनं असेल तर मात्र उलट रखडतं, तेव्हा करून बघूनच ठरवायचं.

तिसरी, लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं. विंडोज काढावं लागत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही तिथे चालतात. फोटोशॉप मात्र लिनक्ससाठी येत नाही. अल्बमचं डिझाइन फोटोशॉपमध्ये करणाऱ्याने विंडोज सोडू नये. आपल्या मित्राने तेच केलं. लग्नाचे शेकडो फोटो उजळण्याचं घाऊक काम लिनक्सवर, अल्बम विंडोजवर. एसएसडी घातली. कर्ज तूर्त घेतलेलं नाही.

चौथी, मोजल्याशिवाय निर्णय नको. तेच दहा फोटो, त्याच दुरुस्त्या, दोन्हीकडे, हातात घड्याळ घेऊन. एकदा नाही, तीनदा. दुकानदाराचं ऐकू नका. माझंही ऐकू नका. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहायला लावलं होतं, ते इथे जसंच्या तसं लागू आहे.

आणि एक विनंती शाळेसाठी. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यामुळे शहरातली कितीतरी ऑफिसं आपले जुने कॉम्प्युटर काढून टाकत आहेत. त्यातले अनेक नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत, पण त्यांचे प्रोसेसर चांगले आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रोसेसरना एका वेळी आठ आकडे हाताळता येतात. आपल्यातले जे नाशिक, पुणे, मुंबईला नोकरी करतात, त्यांनी आपापल्या ऑफिसात विचारा. मशीन नीट तपासून, त्यावर लिनक्स घालून शाळेला देता येतील. ते घालून द्यायचं काम माझं. पहिलं काम म्हणून मुलांनी याच स्मरणिकेचे फोटो दुरुस्त करावेत, दोन कंपायलर वापरून एकच छोटा प्रोग्राम बनवावा आणि वेळ मोजावा. त्या दिवशी त्यांना कळेल की मशीनच्या आत जादू नाही, कोणीतरी घेतलेले निर्णय आहेत, आणि ते निर्णय आपणही घेऊ शकतो.

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतून मला एवढंच सांगायचं आहे. एखादं मशीन मागे पडलं की आपण लगेच त्याला दोष देतो, किंवा चालवणाऱ्याला. पुष्कळदा त्या दोघांत खोट नसते. त्यांच्यासाठी भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यासमोर दुसरंच कोणी असतं. समोर बसलेल्या शिक्षकांना हे मी सांगायची गरज नाही. आमच्यातल्या काहींच्या प्रगतिपुस्तकावर "हुशार आहे, पण मागे पडतो" असा शेरा असायचा आणि तुमच्यापैकी ज्यांनी तो शेरा मारण्याआधी आमच्या बोलीत एकदा पुन्हा समजावून सांगितलं, त्यांच्यामुळे आम्ही आज इथे आहोत.

संयोजकांचे, फोटो देणाऱ्या सगळ्या घरांचे आणि रात्र रात्र बसून ते दुरुस्त करणाऱ्या आपल्या दोन्ही मित्रांचे आभार मानते आणि थांबते. ज्याचा लॅपटॉप मागे राहिला त्याचे जरा जास्त, कारण त्याने काम सोडलं नाही.